मॉनिटर जेवत का नाही?

“आज सोमवार. शनिवारी टेम्पो येणार!” दीक्षाने वहीवर पेन आपटलं. “तोपर्यंत काही केलं नाही, तर टायगर जन्मभर साखळीला!”

“त्याला टायगर म्हणून काही उपयोग नाही,” पूनम म्हणाली. “तो बघतसुद्धा नाही. हे बघ. ए टायगर!”

शेडच्या कोपऱ्यात बसलेल्या काळ्या-तांबूस कुत्र्याने कानही हलवला नाही.

“रॉकी! शेरू! ब्रुनो!” दहा वर्षांचा संघर्ष ओरडला. “पावभाजी!”

“पावभाजी कशाला मध्येच?”

“मला भूक लागलीय.”

दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि सुट्टी अजून शिल्लक होती. दीक्षा आणि तिचा भाऊ संघर्ष दर सुट्टीत निमोण्याला राजश्रीमावशीकडे येत. मावशीने गावाबाहेरच्या एका शेडमध्ये कुत्र्यांसाठी निवारा चालवला होता. गाडीखाली सापडलेली, कुणी रस्त्यात सोडून दिलेली कुत्री ती आणायची, बरी करायची आणि त्यांना घर शोधून द्यायची. पूनम गावातलीच, शेजारच्या मळ्यातली. तिघं एकत्र आली की मावशीच्या चहाच्या वेळा तेवढ्या चुकायच्या, बाकी सगळं ठीक चालायचं.

पण या टायगरचं काही ठीक चालत नव्हतं. सात महिन्यांपूर्वी तो पाय मोडून रस्त्याकडेला पडलेला सापडला. पाय बरा झाला. मग त्याला एकामागून एक तीन घरं मिळाली आणि ‘पळून जातो’, ‘जेवत नाही’ असं म्हणत तिन्ही घरांनी त्याला परत आणून सोडलं! कुत्र्याच्या कपाळावर ‘परत’ असा शिक्का बसला, की त्याला चौथं घर मिळणं महाकठीण.

शेडची जागा सर्जेराव आप्पांची. त्यांनी ती फुकट दिली होती, त्यामुळे निवाऱ्यात शेवटचा शब्द त्यांचाच. आप्पा मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना सगळ्याचीच घाई. कुत्रं घ्यायला कुणी आलं की ते फॉर्म पुढे सरकवायचे. घराला गेट आहे? आहे. कंपाउंड? पाच फूट. मालकाचं नाव? लिहा. “फॉर्मात बसतंय न्हवं? मग बसलं!” असं म्हणून आप्पा सही ठोकायचे.

आता एका गोडाऊनवाल्याने राखणीला कुत्रं मागितलं होतं. त्याचं गेट मोठं, कंपाउंड दहा फुटी आणि साखळी लोखंडी. फॉर्मात अगदी फिट्ट!

“मावशी, या फॉर्ममध्ये गेटबद्दल तीन प्रश्न आहेत,” दीक्षा म्हणाली. “कुत्र्याबद्दल एकही नाही.”

राजश्रीमावशी एका पिल्लाच्या कानात औषध घालत होती. तिचा हात थांबला.

“खरंय गं,” ती म्हणाली. “पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा फॉर्म होता, तोच आम्ही छापून घेतला. पण आप्पांना आता नुसतं ‘त्याला पाठवू नका’ म्हणून चालायचं नाही. तो का पळतो, ते सांगता आलं तर मी बोलते.”

“ठरलं! आम्ही शोधून काढतो!” संघर्ष म्हणाला. शोध कसला, कुठे, याची त्याला काहीच कल्पना नव्हती, पण उत्साह दांडगा.

दीक्षाने वहीचं कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, ‘कुत्र्याचा फॉर्म’. खाली प्रश्न घातले. तो कधी पळतो? कुठे जातो? कधी जेवतो? कशाला घाबरतो? प्रत्येक प्रश्नापुढची जागा रिकामी होती.

पहिला फोन दौंडला, त्याच्या पहिल्या घरी लावला.

“आगं बाई, ते कुत्रं!” पलीकडून आवाज आला. “रोज दिवस कलला की ठेसनावर जाऊन बसायचं! फलाटावर, बाकड्याखाली. लोकांनी तक्रार केली, म्हणून सोडावं लागलं.”

“तुमच्या घरचं कुणी असतं का हो स्टेशनवर?”

“हेच की आमचे! रेल्वेत हायेत. डुटी संपवून नवाला घरी येतात.”

दुसरा फोन शिरूरला, एका निवृत्त गुरुजींना. “आठ दिवस अगदी शहाण्यासारखं राहिलं,” ते म्हणाले. “मग आमची नात सुट्टी संपवून पुण्याला गेली आणि त्या दिवसापासून पठ्ठ्याने अन्नाला तोंड लावलं नाही. चार दिवस! आम्ही घाबरलो, म्हटलं मरेलबिरेल.”

तिसरं घर इनामगावचं. फोन लागेना, म्हणून मंगळवारी सकाळी तिघं सायकलींवर निघाली. संघर्षची चेन वाटेत दोनदा उतरली. घोड नदीकाठचं ते घर सापडलं तेव्हा तिघांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. घरच्या झुंबरबाईंनी आधी पाणी दिलं, मग गूळ-शेंगदाणे दिले आणि मगच विचारलं, “कोनाची रं पोरं तुमी?”

कुत्र्याचं नाव काढताच त्यांनी कपाळावर हात मारला. “गुणाचं व्हतं बघा. पन सांज झाली की त्येच्या अंगात यायचं! आमी दार लावून घ्यायचो, तर दार खरवडायचं. सुटलं की फाट्यावर जाऊन बसायचं.”

“फाट्यावरच का?”

“आता ते मला काय ठावं? आमचा सुरज कंपनीत हाय, शेकंड शिफ्टला. त्येची बस तिथंच थांबती, एवढंच.”

दीक्षाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिने वही उघडली आणि तिन्ही उत्तरं एकाखाली एक वाचली. स्टेशनवर दौंडचे काका. पुण्याला नात. फाट्यावर सुरज.

“तो पळून जात नव्हता!” ती जवळजवळ ओरडलीच. “तो आणायला जात होता! घरातलं जे माणूस परत आलेलं नसायचं, त्याला!”

झुंबरबाई हळूच म्हणाल्या, “आन् आमी त्येला चपलेनं मारलं की गं.”



*

“पण असं का करतो तो?” पूनम म्हणाली. “माझ्या आबांना विचारू. त्यांचं अर्धं आयुष्य कुत्र्यांबरोबर गेलंय.”

पूनमचे आजोबा, ज्ञानूआबा, आता कांदा आणि ज्वारी करत. पण तरुणपणी त्यांनी दोनशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली होती. संध्याकाळी ते काठी टेकत निवाऱ्यात आले, टायगरपासून दहा पावलांवर थांबले आणि जिभेने एक विचित्र आवाज काढला. “हुर्रर्र, चक् चक् चक्! हुर्रर्र!”

काय सांगावं! कुणाच्याही हाकेला न बघणारा तो कुत्रा ताडकन उठला, आबांभोवती एक मोठी फेरी मारली आणि त्यांच्या काठीपाशी येऊन बसला.

“मेंढराचं कुत्रं हाय हे,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. “कळप फुडं गेला आसंल, आन् पाय मोडल्यामुळं हे मागं ऱ्हायलं.”

“आबा, तो जेवत का नाही?”

“ऐका. सांजच्याला मेंढरं वाघरात घालायची. वाघूर म्हंजी जाळीचं कुंपण. मग मोजायची. समदी भरली की मग कुत्र्याला भाकर. त्येच्या आदी न्हाई! पिलू आसल्यापास्नं हीच सवय. एक कोकरू जरी माळावर ऱ्हायलं, तरी कुत्रं भाकरीला शिवत न्हाई. हुडकाया जातंय.”

“म्हणजे त्याला मोजता येतं?” संघर्षचे डोळे विस्फारले. “मला अजून सतराचा पाढा येत नाही!”

“तुमच्यावानी आकडं न्हाई मोजत. पन कमी पडलं की त्येला कळतं. कसं, ते मलाबी नगा इचारू.”

दीक्षा कुत्र्याकडे बघत राहिली. प्रत्येक घरी तो संध्याकाळी आपलं काम चोख करत होता आणि दर वेळी त्यासाठीच परत पाठवला जात होता. तिला एकदम फार वाईट वाटलं. साखळीला बांधलेला, भोवती एकही माणूस नाही, असा तो त्या गोडाऊनमध्ये कुणाला मोजणार होता? कधी जेवणार होता?

“त्याला असं घर हवं, जिथे सगळी माणसं संध्याकाळी एकाच वेळी आत येतात,” ती म्हणाली. “आणि रोज मोजली जातात.”

“तुरुंग!” संघर्ष लगेच म्हणाला.

“गप रे!” पूनम हसली. आणि हसता हसता थांबली. “अगं, वसतिगृह!”

गावाच्या टोकाला ऊसतोड कामगारांच्या मुलांचं छोटं वसतिगृह होतं. आईवडील उसाच्या फडात कोयता चालवायला गेले, की मुलं इथे राहून शाळा शिकायची. सुट्टीतही बावीस मुलं तिथेच होती, कारण ज्या घरी जायचं, त्या घराला कुलूप होतं. रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांची हजेरी व्हायची.

तिघं टायगरला घेऊन तिथे गेली, तेव्हा वसतिगृह सांभाळणाऱ्या सुषमाताईंनी आधी हातच जोडले. “बावीस पोरं सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात, त्यात आणखी कुत्रं?” पण मुलांनी तोवर त्याच्याभोवती कोंडाळं केलं होतं आणि तो शांतपणे एकेकाला हुंगत होता. शेवटी ताईही तयार झाल्या.

सर्जेराव आप्पांनी मात्र फॉर्म बघून चष्मा काढला. “गेट न्हाई. कंपाउंड म्हंजी मेंदीचं कुंपण. आन् मालकाच्या जागंवर काय लिव्हलंय? बावीस पोरं? ह्यो फॉर्म हाय का जत्रा?”

“आप्पा, शनिवारपर्यंत त्याला तिथे राहू द्या,” मावशी म्हणाली. “टेम्पो आला की तिथूनच घेऊन जा. तुमचं काही अडणार नाही.”

“ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले, कारण त्यांना तळेगावच्या बाजाराला जायची घाई होती.

*

बुधवारी हजेरीच्या वेळी कुत्रा दारात बसून राहिला. शेवटचा मुलगा हातपाय धुऊन आत आल्यावर त्याने ओसरीला एक फेरी मारली, मग थाळीतली भाकरी खाल्ली. गुरुवारी तेच. शुक्रवारी एक पोरगा चेंडू शोधायला मागे राहिला, तर याने त्याची चड्डी दातात धरून त्याला ओढत आणलं! सगळी पोरं हसून लोळली. त्याच दिवशी त्यांनी त्याचं बारसं केलं. हजेरी घेतो, उशिरा येणाऱ्याला धरून आणतो, म्हणून त्याचं नाव ‘मॉनिटर’. आणि गंमत म्हणजे या नावाला तो मान वळवायला लागला.

शनिवारी पाचलाच टेम्पो हॉर्न देत आला. मागून मोटारसायकलवर आप्पा. राजश्रीमावशी आणि ज्ञानूआबा आधीच ओसरीवर येऊन बसले होते.

“आप्पा, फक्त अर्धा तास!” दीक्षा पुढे झाली. “हजेरी होईपर्यंत थांबा. मॉनिटर काय करतो ते डोळ्यांनी बघा. नाही पटलं तर न्या.”

तिघांनी सगळी योजना आधीच आखली होती. संघर्ष मागच्या पाण्याच्या टाकीआड लपणार. मॉनिटर जेवणार नाही, त्याला शोधून आणणार आणि मगच भाकरीला तोंड लावणार. आप्पांची बोलती बंद!

सुषमाताई रजिस्टर घेऊन बसल्या. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. त्यांनी भराभर नावं घेतली, मुलांनी भराभर ‘हजर’ म्हटलं आणि खाली सही झाली. ज्ञानूआबांनी स्वतः भाकरी कुस्करून थाळी पुढे ठेवली.

मॉनिटरने थाळीकडे पाहिलं आणि तो उठला. ओसरीभर फिरला, सरळ टाकीमागे गेला आणि संघर्षला बाही धरून घेऊन आला!

“बघितलं?” पूनम टाळ्या पिटत म्हणाली. “आता जेवेल बघा!”

मॉनिटर जेवला नाही.

तो थाळीपाशी आला, पुन्हा एक फेरी मारली आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून कुंईकुंई करू लागला.

“खा ना रे!” संघर्ष काकुळतीला आला. “आलो ना मी!”

आप्पा हसले. “झालं गणित? पोरांनू, तुमची माया कळती मला. पन येडं कुत्रं ते येडंच. चला, दोर आना.”

दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. टेम्पोवाला दोर घेऊन उतरला. तेवढ्यात मॉनिटरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आणि तिच्या मनात एक प्रश्न आला. गणित त्याचं बरोबर असेल तर?

ती ओसरीवर धावली आणि एकेका डोक्यावर हात ठेवत मोजायला लागली. “एकोणीस, वीस, एकवीस...” पुढे डोकं नव्हतं.

“ताई, एकवीसच आहेत!”

“असं कसं? बावीस हजर आहेत. रजिस्टरला सही केलीय मी!”

तेव्हा भिंतीकडेची एक चिमुरडी रडायला लागली. “गौतमीनं सांगितलं व्हतं हजर म्हनायला. ती आयेला भेटाया गेलीय. दुपारीच.”

सुषमाताईंच्या हातून रजिस्टर पडलं. गौतमी अवघी सात वर्षांची. सुट्टीत भेटायला येतो म्हणाले होते तिचे वडील, पण ऊसतोड सुरू झाली आणि ते येऊ शकले नव्हते. रोज ती रस्त्याकडे बघत बसायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

“मॉनिटर, चल!” दीक्षा ओरडली.

तो जणू याचीच वाट बघत होता. बाणासारखा सुटला! मागे तिघं मुलं, त्यांच्यामागे मावशी आणि सगळ्यांत मागे धापा टाकत सर्जेराव आप्पा. डांबरी रस्ता सोडून मॉनिटर पाण्याच्या चारीच्या कडेने वळला, बैलगाडीच्या वाटेने उसात शिरला आणि दिसेनासा झाला. सूर्य मावळतीला टेकला होता. पुढून फक्त त्याचं भुंकणं ऐकू येत होतं.

ऊस संपला तिथे तोडणी झालेलं मोकळं रान होतं. पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचे, जागोजागी ढीग. बांधावर दगडोबा नावाचा शेतकरी एका हातात आगपेटी आणि एका हातात काठी घेऊन उभा होता. त्याच्या नि एका ढिगाच्या मध्ये मॉनिटर पाय रोवून भुंकत होता.

“हाड! हाड म्हन्तो ना!” दगडोबाने काठी उगारली. “वारं पडलंय तवर पाचट पेटवू दे की मला! कुनाचं हाय रं हे कुत्रं?”

काठी बसली. मॉनिटर कळवळला, पण हलला नाही.

“थांबा काका! पेटवू नका!” तिघं एकदम ओरडली.

दीक्षाने धावत जाऊन दोन्ही हातांनी पाचट उपसलं. आत, मऊ जागा करून, आपली चप्पल छातीशी धरून, गौतमी दमून गाढ झोपली होती. चालून चालून पायाला फोड आला होता. आईचा फड या वाटेला नव्हताच.

दगडोबाच्या हातातली आगपेटी गळून पडली. “आरं देवा,” एवढंच तो म्हणाला, पुन्हा पुन्हा.

गौतमीने डोळे उघडले. “मी हरवले न्हाई,” ती म्हणाली. “थोडं बसले व्हते फक्त.” मग मॉनिटरला पाहून तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडली.

आप्पा आले तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. त्यांनी पाचटाचा ढीग पाहिला, आगपेटी पाहिली, मुलगी पाहिली. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. परतीच्या वाटेवर त्यांना कसलीच घाई नव्हती.

*

वसतिगृहापाशी टेम्पो उभाच होता. “दोर आनू का?” ड्रायव्हरने विचारलं.

“मोकळा जा,” आप्पा म्हणाले. “गोडाऊनवाल्याला सांग, राखनीला मानूस ठेव म्हनावं.”

सुषमाताईंनी गौतमीच्या आईला फोन लावून दिला. “उद्या सकाळी माझ्या गाडीवर आनतो तिच्या आईबापाला,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी दीक्षाकडे हात केला. “तुजी ती वही दे. कुत्र्याचा फॉर्म का काय ते.”

त्यांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. कधी पळतो, कुठे जातो, कधी जेवतो. आता सगळ्या जागा भरल्या होत्या.

“राजश्री, आपला फॉर्म रद्द. उद्यापास्नं हे प्रश्न इचारायचे. आधी कुत्र्याचं, मग गेटाचं.” ते घुटमळले. “मी नुसत्या सह्या करत बसलो बघ.”

“कुत्र्यानं त्येचं काम केलं,” ज्ञानूआबा म्हणाले. त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. “पन त्येचं काम काय, हे समद्या गावात या तीन पोरांनीच इचारलं. शाब्बास!”

संघर्षची छाती एवढी फुगली, की शर्टाचं बटण तुटतं की काय असं वाटलं.

आता हजेरी पुन्हा झाली. या वेळी सुषमाताईंनी रजिस्टर उघडलंच नाही. प्रत्येक डोक्यावर हात ठेवून त्या मोजत गेल्या आणि गौतमीच्या डोक्यावर येऊन थांबल्या. “बावीस!”

ज्ञानूआबांनी थाळी पुढे सरकवली. सगळ्यांनी श्वास रोखला.

मॉनिटरने ओसरीला फेरी मारली. थाळीपाशी आला, थाळी हुंगली आणि पुन्हा दारात जाऊन बसला.

“अजून काय?” संघर्ष जवळजवळ रडकुंडीला आला. “आता कोण राहिलं?”

दीक्षाने दाराकडे पाहिलं. बाहेर अंगणात, मेंदीच्या कुंपणापाशी, सर्जेराव आप्पा एकटेच उभे होते. आत यायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

“आप्पा,” दीक्षा म्हणाली, “आत या. त्याशिवाय तो जेवायचा नाही.”

आप्पांनी चपला काढल्या. ओसरी चढून ते मुलांच्या रांगेत, गौतमीच्या शेजारी मांडी घालून बसले. मॉनिटरने त्यांच्या गुडघ्याला एकदा नाक लावलं, मग थाळीकडे गेला आणि मचमच आवाज करत भाकरी खाऊ लागला.